टाच रुतली की चाक रुततं: बर्फावर स्की बरी की जाड टायरची सायकल?

ओहोटीला मुरूडच्या पुळणीवर उतरलं की पाण्याच्या कडेने एक करडा, ओला, घट्ट पट्टा शेजारच्या कर्दे गावाच्या दिशेने लांबवर गेलेला दिसतो. त्या पट्ट्यावर माझ्या जाड टायरच्या सायकलचा ठसा नखभरही खोल उमटत नाही. तिथून वीस पावलं सुरूच्या बनाकडे सरकलं की तीच सायकल, तेच वजन, आणि चाक चार बोटं वाळूत. दापोली तालुक्यातल्या या किनाऱ्यावर चार वर्षं मी जवळजवळ रोज सकाळी सायकल चालवते आहे. पोफळीच्या बागेत आमच्या चार खोल्या आहेत. पाहुण्यांसाठी म्हणून दोन फॅट बाइक घेतल्या होत्या, त्यातली एक आता माझीच झाली आहे.

गेल्या हिवाळ्यात सात आठवडे लेकीकडे होते, अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला. तिथे बर्फावरून जाण्याचे दोन प्रकार मी स्वतः करून पाहिले. एक फॅट बाइक, दुसरा क्रॉसकंट्री स्की. डोंगरावरून खाली सुसाट यायची ती स्की नव्हे. ही लांब, अरुंद, हलकी असते, टाच मोकळी राहते, आणि सपाटीवर, चढावर, उतारावर आपल्याच पायांनी तासन् तास जाता येतं. आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांना मुलांकडे जायला हिवाळ्यातच सवड मिळते, आणि मग ते महिनेच्या महिने हीटरशेजारच्या खिडकीत बसून काढतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं वय एकसष्ट, उजवा गुडघा थोडा कुरकुरतो, आणि त्याआधी बर्फावर मी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. माझ्याने जमलं ते पुष्कळांना जमेल.

आधी सायकलचं सांगते, कारण ती ओळखीची.

विमानतळावरून घरी जाताना लेक म्हणाली, "आई, तुझी सायकल मूळची इथलीच आहे बरं का." ते अर्धं खरं निघालं. मिनियापोलिसजवळच ब्लूमिंग्टन आहे. तिथल्या सर्ली या कंपनीने २००५ साली पग्स्ली नावाची सायकल बाजारात आणली, जवळजवळ पावणेचार इंच रुंद टायरची. दुकानात जाऊन विकत घेता येईल अशी फॅट बाइक खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. पण त्याच्या आधीची कथा दोन टोकांची आहे. अलास्कात १९८७ पासून बर्फातल्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती होत होत्या, आणि तिथले लोक बर्फात चाक बुडू नये म्हणून रुंद रिमा बनवत होते. त्याच सुमारास खाली न्यू मेक्सिकोकडे रे मोलिना नावाचा माणूस वाळूत चालावी म्हणून रुंद रिमा आणि टायर बनवत होता. दोन्हीकडचे धागे पुढे जुळले. म्हणजे आपण वाळूवर ती चालवतो ते बर्फाची वस्तू उसनी आणून नव्हे, वाळू हे तिचं आजोळच आहे. हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला.

पहिल्या शनिवारी थिओडोर वर्थ पार्कात गेलो. पार्क म्हटलं तरी ते चांगलं मोठं टेकड्यांचं जंगल आहे, शहराच्या कडेलाच. माउंटन बाइकच्या अरुंद वाटा हिवाळ्यात दाबून फॅट बाइकसाठी तयार ठेवतात आणि स्कीच्या वाटा वेगळ्या असतात. सायकल एका दुकानातून भाड्याने घेतली होती. वाटेला लागले आणि दहा मिनिटांत तीनदा मागचं चाक बाजूला घसरलं. उसळ्या तर इतक्या की दात वाजत होते. उतरून अंगठ्याने टायर दाबून पाहिला तर दगडासारखा. दुकानातल्या मुलाने पंधरा पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) वर हवा भरून दिली होती, आणि मी थंडीच्या धांदलीत न पाहता निघाले होते. रोज जे काम सगळ्यात आधी करते तेच त्या दिवशी केलं नाही, याची चुटपुट लागली. तिथेच व्हॉल्व्ह दाबून अंदाजाने हवा सोडली, टायरला अंगठा सहज रुतू लागेपर्यंत. पुढचा दीड तास सायकल अशी गेली की जणू आमच्या ओल्या पट्ट्यावरूनच चालले आहे. आवाज मात्र निराळा. ओल्या वाळूवर टायर सुरसुरतो, दाबलेल्या बर्फावर तो करकरतो, नवी चप्पल घातल्यासारखा.

हवेचं थोडं सविस्तर सांगते, कारण सायकलचं सगळं त्यावर आहे. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवलं, तेव्हा हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. टायर मऊ असला तर जमिनीवर त्याचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच पडतो. पाच पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३५० ग्रॅम. पंधरा म्हणजे किलोच्या वर. साध्या सायकलच्या टायरमध्ये पंचेचाळीस भरली तर तीन किलोच्या पुढे, म्हणून ती पुळणीवर नांगरासारखी घुसते. आता आपला पाय. जाकीट-बुटांसकट माझं वजन चौसष्ट किलो, एका पावलाचा जमिनीला टेकणारा भाग अंदाजे १६० चौरस सेंटीमीटर. म्हणजे एका पायावर भार आला की दर चौरस सेंटीमीटरला ४०० ग्रॅम. पाय ४००, चाक ३५०. जवळजवळ एकच.

यातून निघतो तो नियम आमच्या किनाऱ्यावर मला आधीपासून ठाऊक होता, फक्त त्यामागचा आकडा तिथे बसून काढला. टाच रुतली की चाक रुततं. सायकलवर बसण्याआधी दहा पावलं चालून पाहायचं. पाऊल वरवर राहिलं तर निघायचं, घोट्यापर्यंत गेलं तर सायकल घरी ठेवायची. बर्फालाही हेच लागू, वाळूलाही हेच.

आणखी एक गोष्ट कोकणात राहून कधी लक्षात आली नसती. घरात वीस अंश तापमानात आठ पीएसआय हवा भरली आणि सायकल उणे पंधरात बाहेर काढली, तर आतली हवा आकसून दाब पाच-सव्वापाचवर येतो. वायूचं साधं समीकरण आहे ते, वातावरणाचा दाब मिळवून करायचं. म्हणून तिथले लोक सायकल बाहेर तासभर ठेवून मग हवा तपासतात.

आता स्की.

जावई स्कीवाले आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी मला बूट घातलेल्या पायांनी बैठकीच्या खोलीतच उभं केलं. फक्त बुटाचं टोक स्कीला अडकतं, टाच उचलता येते. "आई, चालायचं नाही, ढकलून घसरायचं," एवढंच ते म्हणाले. माझ्या स्की १८५ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद होत्या. दोन्हींचं क्षेत्रफळ १८५० चौरस सेंटीमीटर. माझे चौसष्ट किलो त्यावर पसरले तर दर चौरस सेंटीमीटरला फक्त ३५ ग्रॅम, एका पायावर असताना ७०. चाकाचे ३५० आठवा. सगळा फरक इथेच आहे.

तळाला मधोमध बारीक खवले कोरलेले असतात. बांगड्यावर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतो, उलटा फिरवला की खरखरीत. स्कीचे खवले अगदी तसेच: पुढे सरकताना गुळगुळीत, मागे ढकलताना बर्फाला पकडणारे. पाय दाबून मागे ढकलायचा, की मधला भाग बर्फाला चिकटतो, मग सोडून द्यायचं, की घसरत पुढे. जावयांच्या स्कीला खवले नव्हते, ते मेण लावायचे. थंडीप्रमाणे मेणाचा रंग वेगळा. हिरवं कडक थंडीचं, निळं त्याच्या अलीकडचं, लाल शून्याच्या आसपासचं. आपलं खोबरेल पौषात थिजतं आणि चैत्रात पातळ होतं, तसा प्रत्येक मेणाचा आपला एक पारा. ते घासताना त्यांच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते ती मी फक्त आमच्याकडे होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

वाटेवर मशीनने दोन समांतर खोबणी पाडलेली असतात, त्यात स्की टाकायच्या. याला क्लासिक म्हणतात. बाजूला रुंद सपाट पट्टा असतो, त्यावर पाय तिरके टाकत जोरात जाणारे स्केटिंगवाले. १९८२ साली अमेरिकेच्या बिल कोकने विश्वचषक जिंकला तो या तिरक्या ढकलीच्या जोरावर, आणि त्यानंतर ती जगभर पसरली. मी त्या वाटेला गेले नाही. खोबणीत स्की टाकली की ती रुळावर राहते, आणि माझ्यासारखीला तेवढा आधार हवा होता.

पहिल्या दिवशी तासाभरात मी जेमतेम दोन किलोमीटर गेले आणि पाचदा पडले. पडणं मऊच होतं, पण उठणं कठीण. दोन लांब पट्ट्या पायाला बांधलेल्या, बर्फात हात कोपरापर्यंत जातो, टेकायला काही नाही. जावयांनी शिकवलं की आधी पाठीवर व्हायचं, दोन्ही स्की हवेत घेऊन एका बाजूला समांतर टाकायच्या, मग गुडघ्यावर यायचं. पाचव्यांदा मी एकटी उठले. चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक काहीतरी जुळलं. एक ढकल दिली आणि पुढचं पाऊल टाकायची घाई न करता एका पायावर घसरत राहिले, एक, दोन, तीन मोजेपर्यंत. बर्च आणि ओकची पानं झडलेली झाडं, आवाज फक्त स्कीचा. हे सायकलवर मिळत नाही. सायकल कितीही मऊ चालली तरी पेडल मारणं थांबलं की ती बर्फात लगेच थांबते. स्की तुम्हाला प्रत्येक ढकलीमागे थोडं फुकट पुढे नेते.

उतार मात्र मला शेवटपर्यंत जड गेला. स्कीला ब्रेक नाही. टोकं जवळ, टाचा लांब असा नांगराचा आकार करून वेग कमी करायचा असतो, आणि खोबणीत असताना तेही करता येत नाही, आधी बाहेर यावं लागतं. मोठा उतार दिसला की मी स्की काढून हातात घेऊन कडेने चालत उतरायचे. त्याबद्दल कुणीही एक शब्द बोललं नाही. मागून येणारे थांबून विचारायचे, ठीक आहात ना. याच पार्कातल्या वाटांवर फेब्रुवारी २०२४ मध्ये विश्वचषकाच्या शर्यती झाल्या. मिनेसोटातल्या आफ्टन गावची जेसी डिगिन्स, जिने २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये किकन रँडलबरोबर अमेरिकेला क्रॉसकंट्रीचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, ती इथे घरच्या लोकांसमोर धावली. त्याच वाटेवर माझ्यासारख्या आज्यांना उतरण चालत जाऊ देतात, हे मला फार आवडलं.

खरी परीक्षा झाली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. रात्रभर बर्फ पडला, सकाळी अंगणातल्या टेबलावर वीतभर थर. मी आधी सायकल काढली. दारातच टाच रुतली, घोट्याच्या वर. नियम ठाऊक असूनही मला पाहायचं होतं. हवा तीनपर्यंत उतरवली, सगळ्यात हलका गिअर टाकला, आणि कोपऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत उतरावं लागलं. पुढचं चाक बर्फ नांगरत आधी एकीकडे जातं, मग दुसरीकडे, आणि मागचं जागेवर फिरत राहतं. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत अगदी हेच होतं. दीड किलोमीटर सायकल ढकलत नेली आणि ढकलत परत आणली. सोळा किलोचं ओझं घेऊन घोटाभर बर्फात चालणं म्हणजे शिक्षा आहे, आणि ती घेऊ नये असं मी सांगेन.

दुपारी जावयांबरोबर स्की घेऊन निघाले. खोबणी नव्हती, कुणाचं पाऊल नव्हतं, सगळं पांढरं. स्की बुडाल्या, पण चार-पाच बोटंच, आणि सरकत राहिल्या. वेग चालण्याइतकाच होता. पण मी जात होते. गल्लीतून बाहेर पडून बदे माका स्का तळ्यापर्यंत गेलो, आणि मग तळ्यावरच. आधी लोक त्याला लेक कॅल्हून म्हणायचे, २०१८ मध्ये राज्याने मूळचं डकोटा भाषेतलं नाव परत दिलं. पायी चालणाऱ्याला गोठलेल्या पाण्याचा किमान चार इंच नवा, स्वच्छ थर लागतो असं तिथलं राज्याचं खातं सांगतं, आणि तेव्हा तो त्याच्या कितीतरी पट जाड होता. तरीही माझे पाय काठावर थबकले. जन्मभर पाण्याच्या कडेला राहिलेल्या बाईला पाण्यावर चालायला सांगणं सोपं नाही. तळ्याच्या मध्यापर्यंत गेल्यावर मागे वळून पाहिलं तर आमच्या चार रेघा काठापासून आलेल्या. तो रस्ता आम्ही केला होता.

यावरून माझं मत ठरलं. बर्फ दाबलेला असेल तर सायकल. बर्फ जसा पडला तसा असेल तर स्की. सायकलला आधी कुणीतरी जाऊन वाट घट्ट केलेली लागते, मशीनने, बर्फगाडीने किंवा शंभर माणसांच्या बुटांनी. स्की स्वतःची वाट स्वतः काढते, आणि माणूस ते पाच हजारांहून जास्त वर्षं करत आला आहे. स्वीडनच्या दलदलीत तितकी जुनी लाकडी स्की सापडली आहे. चाकाला जिथे रस्ता हवा होता तिथे स्कीला कधीच नको होता.

हे फक्त माझ्या दीड किलोमीटरच्या ढकलीवरून सांगत नाही. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीवर इंटरनॅशनल फॉल्स गाव आहे, तिथून जानेवारीअखेर ॲरोहेड १३५ नावाची शर्यत निघते, १३५ मैलांची, म्हणजे २१७ किलोमीटरची. सायकल, स्की किंवा पायी, जे हवं ते निवडा. वाट बर्फगाड्यांनी दाबलेली, म्हणून बहुतेक जण सायकल निवडतात आणि बहुतेक वर्षी पहिले तेच पोहोचतात. पण शर्यतीच्या रात्री ताजा बर्फ पडला की त्याच सायकली ढकलत न्याव्या लागतात. अलास्कातल्या इडिटारॉड ट्रेल इन्व्हिटेशनल या शर्यतीतही हेच तीन पर्याय असतात. घट्ट वाटेच्या २०१४ साली जेफ ओटली हा सायकलवाला हजार मैलांवरच्या नोमला दहा दिवस आणि काही तासांत पोहोचला. वाट चांगली असेल तर स्कीवाल्याने त्याची बरोबरी करणं अवघड.

वाट चांगली असण्याचा विचार तिथे माझ्या मनात सारखा येई. रात्री दहानंतर पार्कात मोठं यंत्र दिवे लावून फिरतं, बर्फ दाबतं, खोबणी पाडतं. त्याचं डिझेल, त्याचा माणूस, त्यासाठी लोक पास काढतात, वर्गणी देतात. आमच्याकडे हे काम समुद्र करतो, दिवसातून दोनदा, आणि कुणाकडे काही मागत नाही. फक्त त्याची वेळ आपण पाळायची. आमच्याकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती आणि साडेसातच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी पहाटे. अष्टमीला सकाळी सहाला भरती, तेव्हा सकाळची सायकल नाही. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण चार वर्षांत या हिशेबाने मला फसवलेलं नाही. सुट्टीत गाड्या पुळणीवर घालणारे हा हिशेब करत नाहीत, आणि मग भरती येते तेव्हा चाकं बुडालेली असतात आणि गाव दोर घेऊन धावतं.

थंडीचं थोडक्यात. उणे अठराला स्की छान घसरेल असं मला वाटलं होतं. झालं उलटं. फार थंडीत बर्फाचे कण कोरडे, टोकदार राहतात, स्कीखाली ओलसरपणा धरत नाही, आणि स्की ओढावी लागते. जावई म्हणाले, "आज वाळूवरून चाललोय आपण," आणि मी खाली वाकून मूठभर उचलून पाहिला. खरंच वाळू होती, बोटांतून तशीच गळणारी. त्या दिवशी सायकल बरी चालली असती, फक्त तिचे हाल वेगळे. मागच्या चाकातलं ग्रीस थिजलं की पेडल नुसतं फिरतं आणि चाक पकडत नाही. हाताला हँडलवर बसवलेले मोठे फुगीर मोजे मिळतात, त्यात बोटं उबदार राहतात, पण पावलं गारठतात, कारण सायकलवर पाऊल वाकत नाही. स्कीवर अंग सगळं हलतं. अर्ध्या तासात मी जाकिटाची चेन उघडायचे. ज्यांना थंडीची भीती वाटते त्यांनी स्कीच निवडावी, हे उलटं वाटलं तरी खरं आहे.

सायकलच्या बाजूने दोन गोष्टी ठामपणे सांगायच्या आहेत. बर्फ पातळ असेल, वितळून पुन्हा गोठला असेल, काचेसारखा झाला असेल, तर स्की निरुपयोगी आणि धोक्याची. खिळ्यांचे टायर लावलेली सायकल तिथे पाय रोवून चालते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मिनेसोटात बर्फ इतका कमी पडला की विश्वचषकासाठी वाट यंत्राने बनवलेल्या बर्फाची करावी लागली. असे हिवाळे वाढले तर सायकलचं महत्त्व वाढेल. दुसरं, सामान. दूध, भाजी, नातीला आणायला जाणं, हे स्कीवर मला जमलं नाही. सायकलवर पहिल्या आठवड्यापासून जमलं. भाड्याचं म्हणाल तर स्की स्वस्त पडली. सायकलच्या दोन तासांच्या पैशांत बूट-काठ्यांसकट स्की जवळजवळ दिवसभर मिळाली.

आणि एक शिस्त, जी मी तिथून आणली. फॅट बाइकवाल्यांनी स्कीच्या खोबणीवरून चाक न्यायचं नाही, कधीच नाही. आपल्या चाकाचा चर इंचभर खोल पडायला लागला की वाट मऊ झाली आहे, उतरून परत फिरायचं. एक खोल चर रात्री गोठला की दुसऱ्या दिवशी शंभर माणसांना त्रास. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर अंडी घालतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून हे संवर्धन उभं केलं, आता अंजर्ले, केळशी, आमच्या बाजूलाही घरटी जपतात. पाण्याकडे निघालेल्या बोटभर पिल्लासाठी चाकाचा चर म्हणजे दरी. तिथला नियम आणि इथला नियम मला एकच वाटला. आता पाहुण्यांना सायकल देताना पहिलं वाक्य हेच सांगते: ओल्या पट्ट्यावर राहायचं, भरतीरेषेच्या वरच्या मर्यादवेलीकडे चाक न्यायचं नाही.

मिठाचंही सांगते. तिथे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, आणि लेकीच्या सायकलची साखळी एका हिवाळ्यात जितकी गंजते तितकी माझी पुळणीवर. उपाय दोन्हीकडे तोच. घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुणं, पुसणं, तेल. स्कीला मीठ लागत नाही, ती भिंतीला टेकवून ठेवली की काम संपलं.

कुणी विचारलं, भारतात हे कुठे, तर गुलमर्ग. तिथे उतारावरची स्कीच जास्त दिसते, पण खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत नॉर्डिक स्कीइंग, म्हणजे क्रॉसकंट्रीसारखी मोकळ्या टाचेची स्की, असतं, आणि २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्रीला उतरलेला जगदीश सिंग गुलमर्गच्याच लष्करी शाळेतला. कोडगूच्या भवानी टी. एन. या मुलीने या खेळात राष्ट्रीय सुवर्णपदकं मिळवली आहेत. कॉफीच्या डोंगरातली मुलगी हे करू शकते, तेव्हा आमच्या नारळी-पोफळीतल्या मुलींनीही का नाही, हा विचार मी परत आल्यापासून गावातल्या शाळेत दोनदा बोलून दाखवला आहे.

माझी निवड विचाराल तर बर्फावर स्की, वाळूवर सायकल. पहिल्यांदा जाणाऱ्याने, एकच दिवस हाताशी असेल तर, दाबलेल्या वाटेवरची सायकल घ्यावी, कारण ती लगेच येते. आठवडा असेल तर स्की शिकावी, पहिले तीन दिवस पडावं लागेल, चौथ्याला बघा.

परत आल्यावर दोन्ही सायकलींची हवा आणखी उतरवली. पूर्वी मी दहा ठेवायचे, कारण इथला काट्याचा मीटर त्याखाली नीट दाखवत नाही. जावयांनी दिलेल्या छोट्या डिजिटल मीटरने आता सहा ठेवते. पाहुणे टायर दाबून म्हणतात, "काकू, यात हवाच नाही." मी म्हणते, आधी दहा पावलं चालून या. नाताळच्या सुट्टीत नात येणार आहे, तिला तिकडे स्कीवर माझ्यापेक्षा चांगलं येतं, वाळूवर ती अजून चाललेली नाही. सुट्टीतली द्वितीया पंचांगात पाहून ठेवली आहे. साडेसातला पूर्ण ओहोटी, पट्टा कर्द्यापर्यंत उघडा असेल.